कोंडाजीचा विडा

नारळी पुनव तोंडावर आली होती त्या आठवड्यात विठोबा तांडेल माणगावच्या बाजारात उतरला. उतरल्या उतरल्या त्याने आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवलं, आणि मग काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन जमालगोटा मागितला.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "कुणासाठी?"

"बैलासाठी."

"बोलण्यावरून तर कोळी वाटता. कोळ्याकडे बैल कुठला?"

"भाऊबंदांत हाय एक," विठोबा म्हणाला. "लई माजलाय."

दुकानदार हसला. त्याने थोड्या बिया कागदात बांधून दिल्या आणि बजावलं, की बैल असला तरी जपून, जास्त झालं तर जुलाब थांबायचे नाहीत, जीव जाईल. विठोबाने पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. परतीच्या एसटीत त्याचा हात सारखा त्या खिशावर जात होता. देवाचा अंगारा आणावा तशी तो ती पुडी जपत होता, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं.

हा बैल म्हणजे कोंडाजी, त्याचा चुलत भाऊ. दिघीच्या खाडीला लागून त्यांचा लहानसा कोळीवाडा आहे. तिथे नारळी पुनवेच्या मानाचा नारळ तांडेलांच्या कुळाकडे असतो, आणि त्या कुळाची आता दोनच घरं उरली आहेत, एक विठोबाचं आणि दुसरं कोंडाजीचं. बाप गेल्यापासून नारळ विठोबाच नेत आला होता. त्याचे नियम कडक. नारळ नेणाऱ्याने सकाळपासून उपाशी राहायचं. जुना कोळी रुमाल नेसायचा, म्हणजे कमरेला आवळून खोचलेलं ते तोकडं वस्त्र, ज्यात मांड्या उघड्या आणि लपवायला काही जागा नाही. नारळ एकदा हातात घेतला की पाण्यापर्यंत भुईला टेकवायचा नाही आणि दुसऱ्या कुळाच्या हाती द्यायचा नाही. आणि मान जर कधी एका घरातून दुसऱ्या घरात गेला, तर जुन्या मानकऱ्याने नव्याला देवीसमोर आपल्या हाताने विडा भरवायचा. नव्याने तो तिथल्या तिथे चावून गिळायचा, नाही म्हणायची सोय नाही.

हा शेवटचा नियम म्हाताऱ्याकोताऱ्यांनाच ठाऊक होता, कारण मान कधी हललाच नव्हता. यंदा तो हलला. कशामुळे हलला ते सांगायला हवं, आणि ते लाजून सांगता येणार नाही.

विठोबाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. आधी लघवीच्या तक्रारी, मग तपासण्या, मग पनवेलच्या बाजूला एका मोठ्या इस्पितळात रेडिएशन. मुलगा निकेश तिकडेच कामाला होता. त्याच्या खोलीवर राहून विठोबा रोज त्या यंत्राखाली जाऊन पडायचा. आधी आतडं रिकामं करायचं, मग पाणी पिऊन लघवी तुंबवायची, आणि पडल्यावर हलायचं नाही. भर तुफानात सुकाणू धरून उभा राहिलेला माणूस तो, न हलणं त्याला सहज जमलं. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरीणबाईंनी हसून पेढे मागितले आणि विठोबाने ते नेऊन दिले.

ते पेढे कुणाला पचले कोण जाणे, विठोबाला पचले नाहीत. काही महिन्यांनी दुसरंच सुरू झालं. कळ यायची ती सांगून यायची नाही, आणि आली की उंबऱ्यापर्यंत जायची सवड द्यायची नाही. कधी रक्त, कधी नुसता आव. तो पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की प्रोस्टेट आणि आतड्याचं शेवटचं टोक अगदी लागून असतात, किरणांचा चटका आतड्यालाही लागतो, आणि काहींना तो असा मागाहून जाणवतो. कॅन्सर परत आलेला नाही. त्यांनी औषधं दिली, तिखट आणि तळलेलं कमी करायला सांगितलं, बाहेर जाताना पॅड लावायला सांगितलं. "बरंच कमी होईल काका, पण धीर धरायला हवा." धीर धरायला विठोबाची हरकत नव्हती. धरवत नव्हतं ते दुसरंच.

आणि खरं सांगायचं तर कळ दिवसातून मोजक्याच वेळा यायची. भीती मात्र दिवसभर मुक्कामाला असायची. लग्नाला गेला तर नवरानवरीच्या आधी तो संडास बघायचा. देवळात गेला तर दाराजवळ बसायचा. समुद्रावर जाणं तर सुटलंच. होडीवर बाकीचे खलाशी कडेला बसून मोकळे होतात तसा तोही होऊ शकला असता, पण दिवसातून इतक्यांदा, तेही रक्त पडताना, आपल्याच माणसांसमोर? होडीच्या म्होरक्याने, तांडेलाने? त्याने होडी निकेशच्या मेव्हण्याला चालवायला दिली आणि कंबर धरते असं सांगून तो घरी बसला.

वाड्यात खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको वेणूबाईला होतं, मुलासुनेला होतं आणि कोंडाजीला. कोंडाजीला कळलं ते असं. एकदा निकेशला रजा मिळाली नाही, म्हणून तपासणीला कोंडाजी सोबत आला. येताना ते मुरूडवरून आले आणि आगरदांड्याला त्यांनी फेरीबोट धरली. समोर दिघी दिसत होती. खाडीच्या ऐन मध्यावर विठोबाला कळ आली आणि पॅड पुरलं नाही. कोंडाजीने काही न बोलता खांद्यावरचा टॉवेल त्याच्या कमरेला गुंडाळला. लोकांकडे पाठ करून, हात पसरून, मोठमोठ्याने मासळीच्या भावाच्या गप्पा मारत तो आडोसा करून उभा राहिला. दिघीला उतरल्यावर कुठूनशी बादलीभर पाणीही घेऊन आला. विठोबाचे डोळे भरून आले.

"कोंड्या, कुनाला बोलू नको."

"दादा, खाडीची आण," कोंडाजी म्हणाला.

त्या दिवशी विठोबाला वाटलं, की पाठचा भाऊ असता तर त्याने तरी याहून वेगळं काय केलं असतं. माणूस असा फसतो.

पुनवेच्या तयारीची बैठक देवीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. नामा पाटील मधोमध बसले होते, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. नारळाचा विषय निघाला आणि विठोबा नेहमीसारखं बोलायला उठला, की यंदाही मीच नेणार. तेवढ्यात कोंडाजी बसल्या जागेवरून म्हणाला, "दादा, नेशील खरा, पण वाटेत फेरीबोटीसारखं झालं तर? आधी नारळ पोचंल का आधी तू?"

काय फेरीबोट, कसली फेरीबोट, असं लोक विचारायला लागले. कोंडाजीने सगळं सांगितलं. टॉवेलसकट सांगितलं, हातवारे करून, विठोबा पाय आवळून कसा उभा होता ते उठून करून दाखवलं. "नवा टॉवेल गेला माझा," तो म्हणाला, आणि मंडप हशाने भरून गेला. बायका पदरात तोंड घालून हसल्या. मग त्याने चेहरा गंभीर केला. नारळाच्या मानावर त्याचा डोळा बापाच्या वेळेपासून होता, आणि आता घास तोंडाशी आला होता. "मी हसन्यावारी नेत न्हाय. देवीचं सोवळं हाय. ज्याचं आंग ज्याच्या ताब्यात न्हाय, त्यानं नारळाला हात लावावा का, तुमीच सांगा."

विठोबाला बोलायचं होतं. हे आजारपण आहे, पाप नाही, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. नेमकी तेव्हाच, रागाने म्हणा की भीतीने म्हणा, त्याच्या पोटात कळ आली, आणि आपली बाजू मांडायला उठलेला विठोबा तांडेल भरल्या बैठकीतून घराकडे पळत सुटला. मागे पुन्हा हशा पिकला. तो घरी वेळेत पोचला, पण मान गेला.

त्यानंतर वाड्यात त्याला कोणी ना कोणी विचारायचंच, "टावेल आनू काय, तांडेल?" ऐकून तो पुढे जायचा. आजारावर त्याला राग धरता येत नव्हता, यंत्रावर धरता येत नव्हता, त्याला वाचवणाऱ्या डॉक्टरीणबाईंवर तर नाहीच नाही. कोंडाजीवर धरता येत होता, आणि तो त्याने मनापासून धरला. अशाच एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या त्याला विड्याचा नियम आठवला. तो उठला आणि पाटलांना स्वतः जाऊन सांगून आला, की मान जातोय तर रीतीने जाऊ दे, विडा मी देईन. पाटलांना भरून आलं. विठोबाचं मन किती मोठं, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मनाचा विठोबा माणगावची एसटी धरून जमालगोटा घेऊन आला.

पुनवेच्या सकाळी तो अंघोळ करून आला तर सदरा खुंटीवर होता आणि खिसा रिकामा. वेणूबाई मागच्या दारी नारळ खवत बसली होती.

"पुडी कुठं हाय?"

"टाकली चिखलात. भरती आली का जाईल," ती मान वर न करता म्हणाली. "खिशावर हात ठिवून झोपता, मला कळंना व्हय? उपाशी मानसाच्या पोटात जमालगोटा! मेला तर? त्याच्या बायकोचं कुंकू म्या पुसू?"

"त्यानं माझी अब्रू पुसली, ती दिसली न्हाय तुला?"

"दिसली. माजंबी रगात उकाळलं. मंग त्याची अब्रू घ्या, जीव कशाला घेता?" आणि तिने खोबऱ्याची वाटी खवणीवर जरा जास्तच जोराने फिरवली.

विठोबा खवळला, खूप बोलला. नव्याने काही आणायला आता वेळ नव्हता. विड्यासाठी आता नुसतं पान, चुना, कात, सुपारी आणि वर एक लवंग. ज्याने तोंडाला काळं फासलं त्याचं तोंड लाल करायचं, एवढंच त्याच्या नशिबी उरलं होतं. तो पेटीकडे गेला आणि बापाचा रुमाल काढून नेसायला लागला.

"आवो, तुमी निस्ता विडा द्यायचाय," वेणूबाई घाबरून म्हणाली. "लेंगा घाला. रुमालात पॅड कसं बसंल?"

"बसत न्हाय," विठोबा म्हणाला. आदल्या दुपारपासून त्याने अन्नाचा कण पोटात घातला नव्हता. "मी मानकरी म्हनून येनार आन् मानकरी म्हनून मान देनार. लेंग्यात न्हाय."

देवळात गर्दी उसळली होती. बँडवाले तयार होते, खाडीतल्या होड्यांवर पताका लागल्या होत्या, आणि दुपारची भरती चढत आली होती. कोंडाजी नवा कोरा रुमाल, पांढरा सदरा आणि लाल टोपी घालून नवरदेवासारखा उभा होता. पाटलांनी खूण केली. विठोबाने ताटातला विडा उचलला आणि कोंडाजीच्या तोंडासमोर धरला.

कोंडाजीने तोंड उघडलं नाही. क्षणभरच, पण उघडलं नाही. त्याची नजर विड्यावरून विठोबाच्या डोळ्यांकडे गेली आणि परत विड्याकडे आली. मग पाटील खाकरले तसा त्याने आ केला, विडा घेतला, चावला आणि गिळला.

विठोबाने ती नजर पाहिली होती. केलेलं कर्म माणूस विसरत नाही. या माणसाला विड्याची भीती वाटते आहे, हे त्याला लख्ख दिसलं, आणि भीती ही तर विठोबाच्या घरची वस्तू होती. सकाळपासून छातीत साठलेला राग एकदम थंड झाला. रीतीप्रमाणे त्याने कोंडाजीला मिठी मारली आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"जमालगोटा हाय त्यात. मानगावास्नं आनलाय."

"चल, काय पन," कोंडाजी हसला.

"सोमवारच्या येष्टीत मला बगितलेल्यांना इचार. आता नारळ उचल, उशीर व्हतोय."

सोमवारी विठोबा माणगावला गेला होता हे कोंडाजीलाही ठाऊक होतं. त्याचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने नारळ उचलला आणि बँड वाजायला लागला.

जुना मानकरी नव्याच्या उजव्या हाताला चालतो. विठोबा चालला. पुढे बायका नाचत होत्या, मागे पोरंबाळं, आणि विठोबा ओठ न हलवता, मायेने, कोंडाजीला एकेक गोष्ट सांगत होता.

"आता कान तापतील. तापले? मंग पाठीला घाम येईल, गार. तो आला का समजायचं. उपाशी पोटी लवकर भिनतं."

कोंडाजीने नारळ छातीशी आवळला.

"बेंबीच्या खाली गुडगुड व्हईल. तिकडं ध्यान देऊ नको. ध्यान दिलं का वाढतं. थांबू नको, थांबलं का येतं. पन भरभर चालू बी नको, भरभर चाललं तर आदी येतं."

यातलं एक अक्षरही विठोबाला मनाने रचावं लागलं नाही. सगळं पाठ होतं. कोंडाजीच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. त्याची पावलं आखूड झाली, मांड्या एकमेकींना चिकटायला लागल्या, आणि त्या तोकड्या रुमालात सगळ्या वाड्याला ते दिसत होतं. आता तो नारळाकडे बघत नव्हता की समुद्राकडे. तो रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या घरांकडे बघत होता, आणि का बघत होता ते विठोबाइतकं कुणाला कळणार?

"मोरूचा संडास मागल्या अंगाला हाय," विठोबाने सांगितलं. "पन आतनं कडी लागत न्हाय. सदाकडं पावने हायेत, तिथं आत कोन ना कोन आसनारच. जेट्टीच्या उतारावर मंग कायच न्हाय. खाडीच खाडी."

उताराच्या तोंडाशी कोंडाजीची पाचावर धारण बसली. "दादा, धर," तो म्हणाला.

"लोकं बगतायत, कोंड्या. आजून थोडंच ऱ्हायलंय."

"धर म्हनतो ना!" तो ओरडला. बँड वाजत असूनही ते ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. त्याने नारळ विठोबाच्या छातीवर ढकलला आणि लाल टोपी एका हाताने धरून, ढुंगणाला पाय लावून, आल्या वाटेने पळत सुटला. नाचणाऱ्या बायका थांबल्या. बँड बंद पडला. आणि मागच्या गर्दीतून कोणीतरी हाळी दिली, "आरं, टावेल द्या रं त्याला कुनीतरी!"

जो हशा उठला तो विठोबाने डोळे मिटून ऐकला. साखर खाल्ल्यासारखं त्याला वाटलं. त्याला कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

नामा पाटील गोंधळले. नारळ भुईला टेकवायचा नव्हता, दुसऱ्या कुळाच्या हाती द्यायचा नव्हता, आणि तो तांडेलाच्याच हातात होता. तांडेल उपाशी होता आणि रुमाल नेसलेला होता. "चल बाबा," पाटील म्हणाले, "भरती वाट बगत न्हाय."

विठोबा नारळ घेऊन उताराने खाली गेला आणि पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत. त्याने नारळ कपाळाला लावला आणि पाण्यावर सोडला. लाटेने तो आत ओढून घेतला आणि काठावर जयजयकार झाला. त्याच क्षणी त्याच्या पोटात कळ उठली, ओळखीची, दम न देणारी. काठावर सगळा वाडा उभा होता. रोजचा विठोबा या वेळी भीतीने मेला असता. आज तो हात जोडून तिथेच उभा राहिला आणि त्याने अंग सैल सोडलं. समुद्राने काही विचारलं नाही. जे आलं ते नारळाच्या मागोमाग घेऊन गेला. सोवळं मोडलं असेल तर ते त्या दोघांत मोडलं, आणि समुद्राने नारळ परत फेकला नाही. एकदा बुडी मारून विठोबा स्वच्छ होऊन बाहेर आला, आणि बायकांनी त्याला ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजी मागच्या दाराने आला. डोळे सुजलेले होते. "मी पाटलांकडं जानार हाय," तो म्हणाला. "बैठक बसवनार. तू मला इख घातलंस."

"जुलाब किती झाले?" विठोबाने विचारलं.

कोंडाजीने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "जाऊन बसलो तर... कायच झालं न्हाय. काय घातलं व्हतंस तू?"

विठोबाला खोटं बोलता आलं असतं. जमालगोटा होता, असं म्हटलं असतं तर कोंडाजी चार लोकांत मान वर करून फिरला असता, की माझ्यावर विषप्रयोग झाला, मी काय करणार. ती पळवाट विठोबाला त्याला द्यायची नव्हती. त्याने वेणूबाईला हाक मारली.

"पान, चुना, कात, सुपारी, लवंग," ती दारात उभी राहून म्हणाली. "पुडी म्या सकाळीच चिखलात फेकली व्हती. देवीची शपथ."

कोंडाजी तिच्याकडे बघत राहिला. "मंग मी पळालो कशाला?"

"ते तू सांग," विठोबा म्हणाला. "मी पळतो ते माजं आतडं भाजलंय म्हनून. तू धडधाकट. बसव बैठक. सगळ्यांम्होरं सांग, का विड्यात कायच नव्हतं आन् मी निस्ताच पळालो."

कोंडाजी उठला. त्याला बसताही येईना, जाताही येईना. तेव्हा विठोबा आत गेला आणि कपाटातून कोरा टॉवेल घेऊन आला. "तुजा नवा टावेल गेला व्हता ना? घे." कोंडाजीने हात पुढे केला नाही. मग विठोबाने तो त्याच्या खांद्यावर ठेवला, फेरीबोटीवर कोंडाजीने गुंडाळला होता तितक्याच हलक्या हाताने.

"मी कुनाला बोलनार न्हाय," तो म्हणाला. "खाडीची आण."

कोंडाजीचा चेहरा पांढरा पडला. ती आण किती टिकते, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.